सनद हातात, परीक्षा तीन आठवड्यांवर

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीची आहेत, ऑल इंडिया बार एक्झामची, म्हणजे सनद (वकिलीचा परवाना) घेतल्यावर वकिली चालू ठेवायला पास व्हावी लागते त्या परीक्षेची, आणि लिहिणाऱ्या बहुतेकांकडे आता जेमतेम तीन आठवडे उरलेत. त्यामुळे सातबाऱ्यावरचं नाव, बहिणीचा हिस्सा, शेजाऱ्याचा गडगा (दगडी कुंपण) वगैरे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज फक्त परीक्षा. नावं कुणाचीच छापत नाहीये, गाव तेवढं ठेवलंय.

कुडाळहून एक ज्युनिअर वकील लिहितो: ताई, जूनपासून एका सरांकडे जातोय. सकाळी कोर्ट, दुपारनंतर ऑफिस, शनिवार-रविवार पक्षकार. सिलॅबसमध्ये १९ विषय आहेत आणि माझा एकही धड झालेला नाही. ऑनलाइन कोर्स घेतलाय, दीडशे तासांचे व्हिडिओ आहेत, त्यातले बारा तास बघून झाले. एक जाडं गाईड सगळे घेतायत, ते घेऊ का? तीन आठवड्यांत होईल का?

होईल. पण गाईड घेऊ नकोस, आणि ते व्हिडिओही आजपासून बंद कर. पैसे गेलेत ते परत येणार नाहीत, त्यापायी आता वेळही घालवू नकोस. उरलेले १३८ तास तुझ्याकडे नाहीतच, आणि असते तरी मी ते तुला बेअर ॲक्टवर, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुराच्या पुस्तकावर, घालवायला सांगितले असते.

आधी हिशोब मांडू. पेपर १०० मार्कांचा, १०० प्रश्न, वेळ साडेतीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. पासिंग ओपन आणि ओबीसीला ४५ टक्के, एससी, एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना ४०. आता विषय बघ. राज्यघटना १०, बीएनएसएस (नवी फौजदारी प्रक्रिया संहिता) १०, सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) १०, मग बीएनएस (नवी दंड संहिता) ८, पुरावा कायदा ८, फॅमिली लॉ ८, आणि काँट्रॅक्ट, स्पेसिफिक रिलीफ, मालमत्ता हस्तांतरण, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स सगळे मिळून ८. हे झाले ६२. म्हणजे १९ नावं बघून घाबरायला होतं पण पास होण्याइतकं सगळं या सात गठ्ठ्यांतच आहे. उरलेल्या बारा विषयांना ३८ मार्क, त्यातले कंपनी, सायबर, पर्यावरण, भूसंपादन, आयपीआर (बौद्धिक संपदा) हे दोन-दोन मार्कांचे. तू लिहिलंयस की सुरुवात कंपनी कायद्यापासून केलीस कारण तो सगळ्यात अवघड वाटतो. अरे, दोन मार्कांसाठी चार दिवस घालवलेस तू! ते पुस्तक मिटून ठेव.

आता खरं सांगायचंय ते. आत बेअर ॲक्ट नेता येतो, कोरा, त्यात हाताने लिहिलेलं काही नको, टिपा-टिपणी छापलेली आवृत्ती नको. बहुतेक मुलं याचा अर्थ असा घेतात की मग वाचायला कशाला हवं, तिथे बघू. मी स्वतः ही चूक केलेली आहे. मी परीक्षा दिली तेव्हा पुस्तकं, नोट्स सगळं नेता यायचं, मी दोन पिशव्या भरून नेलं होतं आणि पहिला दीड तास संपला तेव्हा माझे जेमतेम तीस प्रश्न झाले होते, कारण जे उत्तर मला येत होतं तेसुद्धा मी खात्रीसाठी शोधत बसले होते. शेजारची मुलगी शांतपणे गोल भरत होती, तिच्या बाकावर एकच पुस्तक होतं. मी पास झाले, पण तो घशाला पडलेला कोरडेपणा अजून आठवतो. १०० प्रश्नांना २१० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं आणि सहा सेकंद. त्यात पुस्तक उचलायचं, पान काढायचं, कलम वाचायचं, पर्याय जुळवायचे. पान कुठे आहे हे आधीपासून माहीत असेल तरच हे जमतं.

म्हणून तीन आठवडे हेच कर. बेअर ॲक्टच्या सुरुवातीला कलमांची यादी असते ना, जी आपण कधी वाचत नाही, ती वाच. रोज सकाळी एका कायद्याची, मोठ्याने, कथा वाचल्यासारखी. सीपीसीची यादी चार-पाच वेळा वाचलीस की कळतं की आधी दाव्याचं अधिकारक्षेत्र, मग समन्स, मग निकाल, मग अंमलबजावणी, मग अपील, म्हणजे दावा ज्या क्रमाने कोर्टात चालतो साधारण त्याच क्रमाने पुस्तक चालतं. रात्री घरातल्या कुणालाही पुस्तकातले दहा शब्द विचारायला लाव, तू फक्त पान काढून दाखवायचं. रेस ज्युडिकाटा (निकाल लागलेला वाद पुन्हा चालत नाही ते), कलम ११. सरकारला नोटीस, कलम ८०. दुसरं अपील, कलम १००. तात्पुरता मनाई हुकूम, ऑर्डर ३९ (ऑर्डर म्हणजे सीपीसीच्या कलमांनंतर येणारे नियमांचे गट). पहिल्या दिवशी एकेकाला मिनिट लागेल, आठव्या दिवशी बोटं आपोआप त्या पानावर जातील. ती सवय लागली की परीक्षा निम्मी झाली असं समज.

आणि तू कोर्टात जातोस हे ओझं समजू नकोस, तुझ्याइतकी सोय पुण्या-मुंबईच्या क्लासवाल्या मुलांकडे नाही. आपल्याकडे सरांच्या टेबलावर वाटपाचे दावे किती असतात ते तू बघतोसच. बारा सहहिस्सेदार, निम्मे मुंबईला, दावा चालू असताना त्यातलं कोणीतरी जातंच. मग वारस रेकॉर्डवर आणायचे. ते ऑर्डर २२, वादी गेला तर रूल ३, प्रतिवादी गेला तर रूल ४, आणि लिमिटेशन कायद्याप्रमाणे मुदत ९० दिवस. वाटपाचा प्राथमिक हुकूमनामा ऑर्डर २० रूल १८, शेतजमीन सरस-निरस वाटायला कलेक्टरकडे जाते ते कलम ५४, कोर्ट कमिशनर येऊन बाग मोजतो ते ऑर्डर २६. गडगा कोणी पाडू नये म्हणून अर्ज देता तो ऑर्डर ३९ रूल १ आणि २. तारखेला कोणी आलं नाही, एकतर्फी निकाल लागला, मग तो उठवायला ऑर्डर ९ रूल १३. रोज संध्याकाळी ऑफिसमधून निघताना त्या दिवसाच्या बोर्डावरच्या तीन फायली आठव आणि त्यात कुठलं कलम लागलं ते घरी जाऊन पुस्तकात बघ. पाठ करावं लागत नाही, ते माणसांच्या तोंडावळ्यासकट लक्षात राहतं.

सरांना सांगून शेवटचे पाच दिवस सुट्टी माग. नाही म्हणणार नाहीत, तेही यातून किंवा याच्यासारख्या कशातून तरी गेलेत.

चिपळूणहून: कॉलेजची पहिली दोन वर्षं आम्ही आयपीसी (जुनी दंड संहिता) शिकलो, मग कायदेच बदलले. डोक्यात अजून ३०२ आणि ४२० आहे. जुनं वाचू की नवं? कोर्टात तर दोन्ही चालू आहेत, खूप गोंधळ होतो.

गोंधळ होणारच, कारण १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांच्या केसेस अजून आयपीसीखालीच चालतायत, त्यामुळे सकाळी एका कोर्टात ३२३, ५०४, ५०६ ऐकायचं आणि शेजारच्या कोर्टात तोच बांधावरचा वाद ११५(२), ३५२, ३५१ म्हणून. परीक्षेसाठी नवं वाच. बीएनएसमध्ये ३५८ कलमं आहेत, बीएनएसएसमध्ये ५३१, आणि पुरावा अधिनियमात १७०.

पण जुनं पुसून टाकायचा प्रयत्न करू नका, ते जात नाही. उलट जुन्याच्या खुंटीला नवं टांगा. एका वहीच्या पानावर तीसेक जोड्या लिहा, हाताने, टाइप करू नका. खून ३०२ होता तो १०३. खुनाचा प्रयत्न ३०७ चा १०९. निष्काळजीपणाने मृत्यू ३०४-ए चा १०६. बलात्कार ३७६ चा ६४. नवऱ्याकडचा छळ ४९८-ए चा ८५. फसवणूक ४२० ची ३१८. समान उद्देश ३४ चा ३(५). एफआयआर सीआरपीसीतल्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या) १५४ ची बीएनएसएसमध्ये १७३, आणि त्यातच आता झिरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ती) आणि ऑनलाइन दिलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत सही, हे दोन्ही विचारण्यासारखे मुद्दे आहेत. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं ६५-बी आता ६३.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या एकच आकडा दोन्हीकडे वेगळ्या अर्थाने असतो तिथे, ते वेगळ्या शाईने लिहा. जुन्या सीआरपीसीतलं ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, ते आता ५२८ ला गेलं, आणि नव्या बीएनएसएसमध्ये ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो आधी ४३८ होता. जुनं १४४ म्हणजे जमावबंदी, ती आता १६३, आणि नवं १४४ म्हणजे पोटगी, जी आधी १२५ होती. बीएनएसमध्येही ३०२ कलम आहेच, पण ते धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचं. पर्यायांमध्ये ३०२ दिसलं की हात आपोआप तिकडे जातो, आणि ती सवय मोडायला तीन आठवडे पुरतात, फक्त ते पान रोज रात्री झोपताना एकदा बघायला हवं. शिवाय बेअर ॲक्ट नवीन घ्या. कोणाचं तरी जुनं पुस्तक मागून आणलं आणि आत जाऊन उघडलं तर सीआरपीसी निघाली, असं झालेली मुलगी मला माहीत आहे.

दापोलीहून एक भगिनी: लग्नानंतर बारा वर्षांनी मी लॉ केलं, आता वय अडतीस. घरची आंब्याच्या कलमांची बाग आहे, मोहोर सुरू झाला की फवारणीची माणसं, त्यांचं चहापाणी, सासूबाईंचं पथ्य, मुलगी दहावीला. रात्री साडेदहाला पुस्तक उघडते आणि दुसऱ्या पानावर झोप लागते. वाचलेलं लक्षात राहत नाही, वय झालं का?

वय झालेलं नाही, तुम्ही दमलेल्या आहात. साडेदहाचा अभ्यास सोडून द्या, तुमच्या दिवसात ती वेळ अभ्यासाची नाहीच. पहाटे पाऊण तास जमतो का बघा, तोही रोज नको, आठवड्यातून पाच दिवस. आणि बाकीचा अभ्यास हात कामात असताना करायचा. फोनवर स्वतःच्या आवाजात कलमं रेकॉर्ड करा, एका वेळी दहा मिनिटं, आणि भाकऱ्या करताना, बागेत जाताना ऐका. दुसऱ्या कोणाचा आवाज नको, आपल्या आवाजात आपणच बोललेलं जास्त चिकटतं, का ते मला सांगता येणार नाही पण माझ्या तीन मैत्रिणींनी असंच केलं आणि तिघींनाही याचा उपयोग झाला.

तुमच्यासाठी मी फॅमिली लॉपासून सुरू केलं असतं. आठ मार्क आहेत आणि त्यातलं निम्मं तुम्ही आयुष्यात बघितलेलं आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ मधली पाच, नऊ, अकरा, बारा, तेरा, तेरा-बी, चोवीस, पंचवीस एवढी कलमं नीट बघा. तेरा-बीमधली, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटातली, सहा महिन्यांची वाट सुप्रीम कोर्टाने २०१७ च्या अमरदीप सिंग केसमध्ये माफ करता येते असं सांगितलं. मग वारसा कायदा, कलम ६, ८, १४, १५. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मानेच, २००५ ला कायदा बदलला तेव्हा बाप हयात असो वा नसो, हे २०२० च्या विनीता शर्मा निकालात आलं, आणि तुमच्या तालुक्यात हक्कसोडपत्रावर सही करायला मुंबईहून आलेल्या किती बहिणी तुम्ही बघितल्या असतील, प्रत्येकीला उभं करून तिला काय मिळायला हवं होतं ते मनात सांगून बघा. कलम १५ मध्ये एक बारीक गोष्ट आहे, बाईला मूलबाळ नसेल तर तिला आईवडिलांकडून आलेली मालमत्ता तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते, नवऱ्याकडे नाही. हे एकदा घरात जेवताना सांगा. सासूबाई नक्की काहीतरी विचारतील आणि तुम्हाला ते उत्तर द्यावं लागेल, त्याच्याइतकी उजळणी दुसरी नाही.

मुलगी दहावीला आहे म्हणता, मग तिचा आणि तुमचा अभ्यास एकाच टेबलावर होऊ दे. तिने तुमचं पुस्तक धरून विचारायचं, तुम्ही तिचं. आणि या तीन आठवड्यांपुरतं चहापाणी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी बघायचं, हे संकोच न करता स्पष्ट सांगा. घरात कोणी आजारी असतं तेव्हा करतातच ना सगळे.

गुहागरहून: माझं शिक्षण सगळं मराठीतून, पेपर मराठीत देऊ की इंग्रजीत?

मराठीतला पेपर मिळतो, आणि तू मराठीतून विचार करत असशील तर त्यात कमीपणा काही नाही. पण आज ठरव आणि मग बदलू नकोस. मराठीत द्यायचा तर पुस्तकी शब्द आधी ओळखीचे करून घे, कारण कोर्टात आपण जे बोलतो ते आणि छापलेलं मराठी यात फरक आहे. आपण रिव्हिजन आणि रिव्ह्यू म्हणतो, पेपरात पुनरीक्षण आणि पुनर्विलोकन येईल, आणि घाईत दोन्ही सारखेच वाटतात. पुनरीक्षण म्हणजे कलम ११५, वरचं कोर्ट बघतं. पुनर्विलोकन म्हणजे कलम ११४, तेच कोर्ट आपला निकाल पुन्हा बघतं. दखलपात्र, हुकूमनामा, कैफियत, लवाद, मृत्युपूर्व जबाब, असे पन्नासेक शब्द काढ. इंग्रजी आणि मराठी दोन्ही समोरासमोर छापलेला बेअर ॲक्ट मिळाला तर तोच घे.

मालवणहून: ताई, माझी परीक्षा दोनदा गेली. दुसऱ्यांदा ४१ मार्क. बाबा मासेमारी करतात, मी घरातला पहिला ग्रॅज्युएट. आवस (आई) म्हणता, पुरे झाला रे आता, बापाशीवांगडा (बापाबरोबर) होडयेर जा. गावात सगळे वकील म्हणून हाक मारतात आणि मला कुठे तोंड लपवू असं होतं. सनद घेऊन दीड वर्ष होत आलं. आता बसायची भीती वाटते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आधी एक गोष्ट, ही परीक्षा कितीही वेळा देता येते, त्यामुळे कुठलाही चान्स शेवटचा नाही. मुदत आहे ती तात्पुरत्या सनदेची, दोन वर्षांची, म्हणून यावेळचा प्रयत्न मनापासून करायचा, एवढंच.

४१ म्हणजे चार मार्क कमी. तू पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलायस की वीसेक प्रश्न येत नव्हते म्हणून सोडले. मला तिथे थांबावं लागलं. निगेटिव्ह मार्किंग नाही हे तुला माहीत होतं तरी सोडलेस, कारण येत नसताना उत्तर देणं तुला खोटेपणासारखं वाटलं असेल, आपल्याकडची सरळ घरातली मुलं असं करतात. पण चार पर्यायांतला एक बरोबर असतो, वीस प्रश्नांत डोळे मिटून गोल भरले असतेस तरी हिशोबाने पाचेक बरोबर आले असते. ४१ आणि ५, ४६. तू नापास झालास ते ज्ञान कमी पडलं म्हणून नाही रे. यावेळी एकही गोल रिकामा सोडायचा नाही, हे तळहातावर लिहिल्यासारखं लक्षात ठेव.

दुसरं, लहान विषयांकडे बघ. प्रोफेशनल एथिक्स ४, जनहित याचिका ४, लवाद आणि तडजोड ४, प्रशासकीय कायदा ३. हे पंधरा मार्क चार-पाच दिवसांत हाताला लागतात. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ लहानसा आहे, एका बैठकीत वाचून होतो. कलम २४ नावनोंदणी, ३० वकिली करण्याचा हक्क, ३५ गैरवर्तन, ३७ बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, ३८ सुप्रीम कोर्टाकडे. नावनोंदणीची फी ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, एससी-एसटीला १२५, हे सुप्रीम कोर्टाने ३० जुलै २०२४ ला सांगितलं तेही याच कलम २४ वर. जनहित याचिकेत राज्यघटनेचे अनुच्छेद ३२ आणि २२६, हुसैनारा खातून १९७९, विशाखा १९९७, एम. सी. मेहतांच्या केसेस. लवादात कलम ८, ९, ११, ३४. लोकअदालतीचा निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही, हे तर तू मालवणच्या कोर्टात बसून बघितलेलं असशील.

पर्यावरणाचे दोनच मार्क आहेत पण ते तू सोडू नकोस. किनाऱ्यावर घर बांधायला परवानगी का मिळत नाही, सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) म्हणजे काय, हे तुझ्या वाडीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा हे त्याचं मूळ, आणि दाद मागायला २०१० च्या कायद्याखालचं हरित न्यायाधिकरण.

आणि आईचं बोलणं. ती तुला कमी लेखत नाहीये, तिला तुझा उतरलेला चेहरा बघवत नाहीये. तिला हिशोब सांग, चार मार्क कमी पडले आणि ते कुठे गेले हे आता कळलंय म्हणून. बाबांबरोबर होडीवर जावंसं वाटलं तर एखाद्या पहाटे जा सुद्धा, डोकं मोकळं होतं, फक्त परत आल्यावर कलमांची यादी वाचायची. गावातल्यांनी वकील म्हणून हाक मारली तर ओ दे. सनद तुझ्या नावाची आहे, तू कोणाला फसवत नाहीयेस.

निकाल लागला की मला कळव, कसाही लागला तरी.

देवगडहून एक वडील: मुलगा परीक्षेला बसतोय. आम्हाला त्यातलं काही कळत नाही. ही परीक्षा नक्की लागतेच का? आणि इथे राहून वकिलीत भविष्य आहे का, की मुंबईला पाठवू?

काका, लागते. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ही परीक्षा घ्यायचा बार कौन्सिलला अधिकार आहे असं स्पष्ट केलं, तो वाद संपलाय. भविष्याचं म्हणाल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्हे त्याखाली आलेत. देवगडच्या माणसाला अपिलासाठी मुंबई गाठावी लागायची, आता घाट चढला की कोल्हापूर. इथल्या जमिनी, कुळांचे हक्क, बागांचे हिस्से समजणारी मुलं तिथे लागणार आहेत, आणि ती मुंबईत वाढलेली नसतील. तुमच्या मुलाला इथेच राहू द्या असं मी म्हणेन, पण ते त्यालाच ठरवू द्या, आणि परीक्षेनंतर. या तीन आठवड्यांत त्याला फक्त एक विचारू नका, "किती झालं?" त्याऐवजी पुस्तक हातात घेऊन दहा कलमं विचारा, तुम्हाला अर्थ कळला नाही तरी चालेल, पान बरोबर निघालं का तेवढं बघायचं.

सावंतवाडी, खेड, राजापूर, अशा चौघापाचांचे छोटे प्रश्न एकत्र घेते.

आमच्या गावची जत्रा परीक्षेच्या चार दिवस आधी आहे, जाऊ का? जा, ओटी भरून दर्शन घेऊन दहा वाजता घरी ये. दशावतार रात्रभर बघितलास की दोन दिवस झोप सावरण्यात जातात, या वर्षी दशावतार नको.

शेवटच्या सेमिस्टरला असताना बसता येतं का? हो, पण जाहिरातीतल्या अटी नीट वाचून फॉर्म भर.

पेपर कुठल्या क्रमाने सोडवू? पहिला दीड तास पुस्तक उघडायचंच नाही, जे येतं ते भरत जायचं आणि अडलं त्यावर खूण करून पुढे. मग साधारण ऐंशी मिनिटं पुस्तकं, तीही फक्त जिथे कायदा कुठला हे माहीत आहे त्या प्रश्नांना. शेवटच्या चाळीस मिनिटांत उरलेले गोल भरणं आणि नंबर सरकला नाही ना हे तपासणं. ओएमआर उत्तरपत्रिकेवर एक ओळ सरकली की पुढचं सगळं सरकतं.

जुने पेपर किती सोडवू? चार पुरेत, पण घड्याळ लावून, सलग साडेतीन तास बसून, मध्ये न उठता. बसायचीसुद्धा सवय लागते.

सेंटर मुंबईला आलंय, रात्रीच्या कोकणकन्येने किंवा तुतारीने जाऊन सकाळी थेट सेंटरला पोचू का? नको. गाडी दोन तास लेट झाली तर काय करशील, आणि रात्रभर बसून आलेल्या डोक्याने प्रश्न दोनदा वाचावे लागतात. एक दिवस आधी दिवसाच्या गाडीने जा, मामाकडे, आत्याकडे, मैत्रिणीच्या रूमवर, कुठेही, फक्त तिथून सेंटर किती लांब आहे ते संध्याकाळी प्रत्यक्ष जाऊन बघून ये. हॉल तिकीट आणि ओळखपत्र दोन्ही एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, बॉलपेन दोन, मोबाइल बाहेर ठेवावा लागतो म्हणून साधं काट्यांचं घड्याळ चालतंय का ते हॉल तिकिटावरच्या सूचनांत बघून घे. बेअर ॲक्ट सगळे नेऊ नकोस, ज्यांची यादी चार वेळा वाचून झालीय तेवढेच ने, आणि निघायच्या आदल्या रात्री प्रत्येकाचं पान न् पान चाळून बघ, कुठे पेन्सिलीने काही लिहिलेलं राहिलं असेल तर खोडून टाक.